कातानिया: संत अगाथाच्या फेस्ताला जाणाऱ्यांसाठी

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सिसिलीतल्या कातानियाला जायचं ठरलं, तर विमानाच्या तिकिटाआधी मुक्कामाचं बघा. ३ ते ५ तारखांना इथं शहराची रक्षक मानल्या जाणाऱ्या संत अगाथाचं फेस्त, म्हणजे उत्सव असतो. खोली 'विया एत्नेआ' या मुख्य रस्त्यावर घेऊ नका, एक-दोन गल्ल्या आत घ्या. मिरवणूक चालू असताना बॅग ओढत दारापर्यंत पोचणं जमत नाही, आणि फटाक्यांमुळे झोपेचं नाव नको.

अगाथाविषयी पक्की माहिती थोडकीच. रोमन सम्राट डेसियसनं ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला, त्यात परंपरेप्रमाणे २५१ साली ती या शहरात रक्तसाक्षी झाली, म्हणजे श्रद्धेसाठी तिला मरण आलं. पुढची कथा नंतरच्या लोकांनी लिहिली: क्विंटियानस या रोमन अधिकाऱ्याला तिनं नकार दिला, त्यानं तिचे स्तन कापवले, निखाऱ्यांवर लोळवलं, आणि कोठडीत तिचा प्राण गेला. तिचा जन्म आपल्याच गावचा, असं पालेर्मोवालेही म्हणतात. कातानियात हा विषय न काढलेला बरा. मिस्सेतल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) जुन्या रोमन प्रार्थनेत तिचं नाव येतं, त्यामुळे वसई-गोव्याकडच्या कॅथलिकांच्या ते कानावरून गेलेलं असेल.

शक्यतो २ तारखेला पोचा आणि गर्दी व्हायच्या आत पियात्सा स्तेसिकोरो या चौकाचा परिसर पायी पाहून घ्या. रोमन रंगमंडलाचे काळ्या लाव्हाचे अवशेष, तिची कोठडी मानलं जाणारं 'सांतआगाता अल कार्चेरे' आणि तिच्या पहिल्या थडग्याशी जोडलेलं 'सांतआगाता ला वेतेरे', सगळं काही मिनिटांच्या अंतरात आहे. कोठडीजवळ लाव्हाच्या दगडात तिची पावलं दाखवतात. ती कितपत खरी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

३ तारखेला मेण अर्पण करण्याची मिरवणूक आणि रात्री आतषबाजी. दिसायला छान, पण वेळ कमी असेल तर मी हा दिवस गाळेन. ४ तारखेला पहाटेच्या मिस्सेनंतर संताची मूर्ती कॅथेड्रलबाहेर (शहराच्या मुख्य चर्चबाहेर) येते. १३७६ साली सिएनाच्या जोव्हान्नी दी बार्तोलोनं घडवलेला हा अर्धपुतळा नवसाच्या दागिन्यांनी मढलेला आहे, आणि तिच्या कवटीचा अवशेष त्यातच आहे. चांदीच्या रथाला शंभर मीटरहून लांब दोर बांधतात. पांढरे झगे आणि काळ्या टोप्या घातलेले भक्त ते ओढतात. मधूनच कुणीतरी ओरडतं, "सेमु तुत्ती देवोती, तुत्ती?" (आपण सगळे भक्त ना, सगळे?) आणि सगळे एका सुरात उत्तर देतात: "चित्तादीनी, विवा सांतआगाता!" पंढरीच्या वाटेवर विठ्ठलनामाचा गजर ऐकलेल्याला इथं परकं वाटत नाही.

पुढे खाटीक, मासेवाले, बेकरीवाले यांच्या 'कांदेलोरे' असतात, म्हणजे कोरीव सोनेरी लाकडी मनोरे. काही तर कित्येक क्विंटल वजनाचे, आणि ते खांद्यावर घेऊन माणसं डुलत चालतात. थांबून पाहावं असं मला रथापेक्षा हेच वाटलं.

एकच रात्र मिळणार असेल तर ५ तारखेची निवडा. आदल्या दिवशीच्या गुलाबी फुलांच्या जागी रथावर पांढरी कार्नेशन असतात. विया दी सानजुलियानोच्या चढावर रथ धावत नेतात, पुढे विया क्रोचिफेरीत मठातल्या जोगिणी गातात. हे किती वाजता होईल ते विचारू नका. रथ परतायला ६ तारखेची सकाळ उजाडते. त्या दिवशीचं परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या.

बुटांचे तळवे खरबरीत हवेत. भक्तांच्या जाडजूड मेणबत्त्यांचं मेण दगडी रस्त्यांवर सांडतं, त्यावर भुसा टाकला तरी पाय सटकतोच, आणि सण संपल्यावरही काही दिवस स्कूटर घसरतात. चढावर दोराच्या जवळ लहान मुलांना नेऊ नका. रात्री गारठा असतो.

खाण्यात 'मिन्ने दी सांतआगाता' घ्या: रिकोट्टा चीज भरलेला, पांढऱ्या साखरेच्या लेपाचा, वर चेरी लावलेला स्तनाच्या आकाराचा गोड केक. कथा ठाऊक असली की पहिला घास जरा अडतो. शाकाहारी मंडळींनी वांग्याचा 'पास्ता आला नोर्मा' मागवावा.

फेब्रुवारी जमत नसेल तर १७ ऑगस्टला या. कॉन्स्टॅन्टिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) नेलेले तिचे अवशेष ११२६ साली परत आले, त्या आठवणीचा हा छोटा सण; मूर्ती तेव्हाही बाहेर येते. एरवी ती कॅथेड्रलमध्ये कुलूपबंद असते.