आमची वाटचाल : गिअरबॉक्स कुणाचा, गाडी कुणाची

आमच्या गॅरेजात इंजिनाचं काम होत नाही. डेंटिंग-पेंटिंग नाही, एसी नाही, वायरिंग नाही. मॅन्युअल गिअरबॉक्स आणि त्याच्या मागेपुढे जे येतं तेवढंच: क्लच, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी पेटी), प्रॉपेलर शाफ्ट (ती ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा दांडा). हे आधीच सांगून टाकतो, कारण फोनवर निम्मा वेळ हेच समजावण्यात जातो. "एवढ्या एका कामावर भागतं का?" असंही लोक विचारतात. भागतं. मुंबईत तरी भागतं.

बाबा कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये गिअरबॉक्सच्या जोडणीवर होते. फियाट 1100 डिलाइटची 1972 मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. नावं बदलत गेली. 1089 सीसीचं इंजिन, चार गिअर आणि स्टिअरिंगखालची गिअरची दांडी तीच राहिली. 1987 मध्ये बाबांनी नोकरी सोडली आणि बैलबाजाराच्या बाजूला पत्र्याचा एक गाळा भाड्याने घेतला. पिट खणायला जागामालकाची परवानगी मिळवणं हेच पहिलं मोठं काम होतं. गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. अख्खी काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनीच होती, आणि टॅक्सी दोन पाळ्यांत चालायची. गाडी एक दिवस उभी राहिली की दोन घरांची चूल अडायची, त्यामुळे काम सकाळी घ्यायचं आणि रात्री द्यायचं.

त्या टॅक्सीवाल्यांची नेहमीची तक्रार म्हणजे "दुसरा सुटतो", टाकलेला दुसरा गिअर आपोआप बाहेर येतो. बाजूच्या गॅरेजांत लगेच पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, खाली उतरायची. बाबा आधी गाडीखाली आडवे व्हायचे आणि मला वर बसवून दांडी हलवायला सांगायचे. दांडीपासून पेटीपर्यंत सांधे आणि बुश यांची मोठी साखळी असते. वर दांडी पूर्ण जागेवर गेलेली दिसते, खाली पेटीवरचा लिव्हर मात्र अर्ध्यातच थांबलेला असतो. आतला स्लीव्ह (गिअर जोडणारी सरकती कडी) पुरता चढतच नाही, मग पहिल्या खड्ड्यात गिअर बाहेर. असल्या गाड्या बुश बदलून परत जायच्या, पेटीला पाना लागायचा नाही. बिल छोटं व्हायचं, पण तोच टॅक्सीवाला स्टँडवरच्या आणखी चौघांना घेऊन यायचा.

मी आयटीआय करून 1998 मध्ये आलो, तेव्हा वारं बदललं होतं. खासगी पद्मिनीवाल्यांना स्टिअरिंगवरची दांडी नको झाली होती. प्रीमियरच्याच 118 एनईला खालचा (दोन सीटांमधला) गिअर होता, मारुतीला होता, आणि शेवटच्या काळातल्या पद्मिनी एस-1ला तर कंपनीनेच तो दिला. झालं, सीएसटी रोडच्या भंगारबाजारातून जो तो 118ची पेटी काखोटीला मारून यायचा, "हिला बसवा" म्हणून. पण 118 एनईचं इंजिन निस्सानचं, ए-12, 1171 सीसी. त्याच्या पाठीवरचे बोल्ट वेगळे, बेलहाउसिंग (पेटीचं इंजिनाला जोडलं जाणारं घंटेसारखं तोंड, आम्ही नुसतं बेल म्हणतो) वेगळं. बिल्ला एकाच कंपनीचा आहे म्हणून पेटी बसत नाही. एस-1ची पेटी बेलसकट मिळाली तर गोष्ट निराळी, पण ती मिळणं दुर्मीळ, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असायचं.

यातूनच आमची वही सुरू झाली. आज आमच्याकडे जे गिऱ्हाईक येतं ते यंत्रांसाठी येत नाही, त्या वहीसाठी येतं असं मला वाटतं.

भंगारातल्या पेटीला नाव नसतं. बोल्टखाली अडकवलेला कंपनीचा पत्र्याचा टॅग पहिल्या ओव्हरहॉलमध्येच हरवतो. कास्टिंगवरचा नंबर दिसला तर उत्तम, पण तो नुसत्या कवचाचा नंबर. आतले गिअर मधल्या काळात कुणी बदललेत, हे तो सांगत नाही. म्हणून पेटी टेबलावर आली की आम्ही गाडीचं नाव विचारतच नाही, आधी मापं घेऊन वहीत उतरवतो. इनपुट शाफ्टची (इंजिनाकडून पेटीत येणाऱ्या दांड्याची) लांबी, स्प्लाइनचे (त्यावरच्या उभ्या खाचांचे) दाते आणि व्यास, टोकाचा जो भाग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पायलट बेअरिंगमध्ये शिरतो त्याचा व्यास, बेलची खोली, शेपटीची (पेटीच्या मागच्या टोकाची) लांबी, माउंटिंगची जागा, दांडी वरून येते की बाजूने. बेलच्या तोंडाला पातळ ऑइल लावून ते ब्राउन पेपरवर दाबायचं. सगळी भोकं, डॉवेल पिनच्या (नेमकी जागा धरणाऱ्या खुंट्यांच्या) जागा, स्टार्टरचा खळगा, सगळं जशाच्या तशा आकारात उमटतं. वाळला की कागद खिळ्याला. नवीन इंजिनाचा छाप त्यावर धरून उजेडासमोर केला की किती भोकं जुळतात ते तिथल्या तिथे कळतं. बाबांनी सुरू केलेले हे कागद अजून आहेत, फक्त कडा उंदरांनी खाल्ल्यात.

गिअरचं प्रमाण काढायला पेटी उघडावी लागत नाही. इनपुट शाफ्टवर खडूची रेघ, मागच्या फ्लँजवर दुसरी. पहिला टाका आणि मागची फ्लँज बरोबर दहा फेरे फिरेपर्यंत इनपुटचे फेरे मोजा. अठ्ठावीस भरले की 2.8. तीन गिअरची लोखंडी पेटी, पहिल्याला सिंक्रो (गिअर सहज पडायला मदत करणारी रिंग) नाही आणि प्रमाण 2.8 म्हटलं की जुन्या जीपची टी-90 डोळ्यांसमोर येते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) पेटीच्या पोटातच असतं, तिथे हीच युक्ती फसवते. एक बाजू धरून ठेवली तर दुसरी बाजू क्राउनच्या (डिफरन्शिअलच्या मोठ्या गिअरच्या) दुप्पट फिरते, म्हणजे मोजलेला आकडा दुप्पट केल्यावर खरं प्रमाण मिळतं. नवीन पोरं इथे हमखास गडबडतात आणि मारुतीच्या पेटीला कारखान्यानेही न पाहिलेलं प्रमाण जाहीर करतात.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठीच्या काठावरचा कुर्ला, कलिना सगळं पाण्यात गेलं, आमचा गाळाही गेला. पाणी ओसरल्यावर इंजिनाच्या मिस्त्रींकडे रांगा लागल्या. गिअरबॉक्सकडे कुणी पाहिलंच नाही, कारण गाडी चालू तर होत होती. पण पेटीला वर ब्रीदर, म्हणजे हवेचं भोक, असतो, बुडालेल्या गाडीत तिथूनही पाणी आत जातं. ड्रेन प्लग उघडला की ऑइलऐवजी दुधाचा चहा बाहेर यायचा. ज्यांनी लगेच ऑइल काढून, धुऊन दोनदा भरलं त्यांच्या पेट्या वाचल्या. ज्यांनी गणपतीनंतर बघू म्हटलं त्यांच्या बेअरिंगांवर गंजाचे डाग पडले, आणि दिवाळीत त्या पेट्या घरघरत आमच्याकडे आल्या. आमच्या वह्या माळ्यावर होत्या म्हणून शाबूत राहिल्या. नव्या भरलेल्या पेट्या मात्र आम्हीही पुन्हा उघडल्या.

पद्मिनीचं उत्पादन तोवर थांबलं होतं, प्रीमियरच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी राहत होती, आणि गाळ्याचं भाडं आमच्या आवाक्याबाहेर गेलं. आम्ही साकीनाक्याला आलो. इथे लेथवाले, गिअर कापणारे, हार्डनिंगवाले एकाच गल्लीत. काम बदललं ते इथेच. टॅक्सी गेली आणि जीप आली.

महिंद्राच्या जीप मुंबईत राहतात कमी आणि येतात जास्त: महाडहून, रोह्याहून, मुरबाडहून. कुणाची बागेतली एमएम 540, कुणाची आजोबांची सीजे-3बी. मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं, "साठच्या वर गाडी ओरडते, पाच गिअरची पेटी टाका." ओरडण्याचं कारण पुष्कळदा पेटीत नसतंच. सीजे-3बीच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण 5.38 आहे. पेट्रोल इंजिन आणि शेतरस्ता यांच्यासाठी ते ठीक होतं. त्यात कुणी डिझेल इंजिन टाकलं, तर कमी फेऱ्यांत जोर देणारं इंजिन आणि हा अ‍ॅक्सल यांचं जमणार कसं? तिथे क्राउन-पिनिअन (अ‍ॅक्सलचं प्रमाण ठरवणारी गिअरची जोडी) बदलणं हा खरा इलाज. फक्त पुढचं-मागचं दोन्ही बदलायचं; एकच बदललं आणि कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह टाकलं, तर दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि मधला ट्रान्सफर केस मरतो.

पाच गिअर खरंच हवे असतील तर बोलेरोच्या घराण्यातली एनजीटी पेटी लोक शोधतात. एका विक्रेत्याने महाडच्या आमच्या एका गिऱ्हाइकाला अशी पेटी "जीपचीच आहे, डोळे झाकून घ्या" म्हणून दिली. पेटी सुरेख होती, गिअर लोण्यासारखे पडत होते. पण ती टू-व्हील ड्राइव्ह गाडीची. मागचा मेन शाफ्ट लांब, शेपटीचं हाउसिंग वेगळं, ट्रान्सफर केस लावायला तोंडच नाही. फोर-व्हीलची पेटी आणि टू-व्हीलची पेटी पुढून सारख्याच दिसतात. फरक कळतो तो पाठीमागून. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. तेव्हापासून आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो, पेटी घ्यायच्या आधी तिच्या पाठीचा फोटो पाठवा.

मारुती जिप्सीचं गणित निराळं. तिचा ट्रान्सफर केस पेटीला चिकटलेला नाही, मध्ये छोटा प्रॉपेलर शाफ्ट आहे. त्यामुळे 970 सीसीच्या जुन्या जिप्सीत जिप्सी किंगची पाच गिअरची पेटी घालताना ट्रान्सफर केस आपल्या जागी राहतो, बदलतं ते मागचं माउंटिंग आणि छोट्या शाफ्टची लांबी. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जिप्सी येऊ लागल्यापासून हे काम वाढलं आहे. गाडी रंगवायला लाख घालवतात आणि शाफ्टच्या क्रॉससाठी (सांध्यासाठी) घासाघीस करतात, ते सोडा.

क्लच प्लेटवर एक शब्द, कारण सगळे इथेच अडकतात. प्लेटचा बाहेरचा व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलप्रमाणे हवा आणि मधला हब पेटीच्या स्प्लाइनप्रमाणे. इंजिन एकाचं आणि पेटी दुसऱ्याची असेल तर बाजारात तयार प्लेट बहुधा नसते, हब बदलून रिव्हेटिंग करून घ्यावी लागते. मग रिलीज बेअरिंगचा (क्लच दाबणाऱ्या बेअरिंगचा) प्रवास, केबल की हायड्रॉलिक, आणि सगळ्यात शेवटी स्पीडोमीटरचा छोटा गिअर. तो राहिला की गाडी साठला असताना काटा पंचेचाळीसवर आणि मालक खूश.

एकाचं इंजिन दुसऱ्याच्या पेटीला जोडणारी अडॅप्टर प्लेट कुणीही लेथवाला कापून देतो. भोकं जुळली, बोल्ट कसले, गाडी निघाली. दोन महिन्यांनी पायलट बेअरिंग खाल्लेलं, इनपुटचं बेअरिंग ओरडतंय, वरचा गिअर सुटतोय. कारण बेलचं मधलं भोक क्रँकच्या मध्याशी जुळलंच नव्हतं. आम्ही फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेलच्या भोकात पूर्ण फेरा फिरवतो. काटा एकूण पाच थाऊच्या (इंचाचे पाच हजारांश) आत हलला तरच डॉवेल पिन ठोकायची, नाहीतर प्लेट परत लेथवर. या कामाला अर्धा दिवस जातो, आणि बिलात तो पाहून गिऱ्हाईक विचारतं, "नुसता काटा फिरवायचे एवढे?"

ऑइलवरूनही रोज वाद. जीएल-4, जीएल-5 हे गिअर ऑइलचे दर्जे. "जीएल-5 महाग आहे, म्हणजे चांगलं." ते डिफरन्शिअलसाठी चांगलं. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना त्रास देऊ शकतात. कंपनीने वेगळं काही सांगितलं नसेल तर आम्ही सिंक्रोच्या पेटीत जीएल-4च भरतो.

बरीच कामं आम्ही नाकारतो. स्वतःची पेटी दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुसरी घालू नका, असं तोंडावर सांगतो. बिल नसलेली पेटी टेबलावर घेत नाही, मग गिऱ्हाईक कितीही जुनं असो. आरसीवर गिअरबॉक्सचा नंबर नसतो म्हणून लोकांना वाटतं इथे सगळं चालतं. पण आरसीवर इंजिनाचा नंबर असतो, आणि आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदललेल्या गाडीला आम्ही हात लावत नाही. यावरून दोन-तीन मोठी कामं बाजूच्या गल्लीत गेली. जाऊ देत.

30 ऑक्टोबर 2023 ला शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले. बाबांनी बातमी वाचली आणि विचारलं, "तिची पेटी कुणी घेतली?" खासगी पद्मिनी जपणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी जुन्या बुशचे साचे आम्ही ठेवलेत. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिकच्या लाटेत तुमचं कसं होणार, असं भाचा विचारतो. सध्या तरी दोन पेट्या टेबलावर आहेत आणि तिसरी टेम्पोतून उतरतेय.

यायचं असेल तर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पाठवा: आरसीवरचं मॉडेल आणि साल, सध्या गाडीत असलेलं इंजिन, पेटीचे चार बाजूंनी फोटो, आणि इनपुट शाफ्टच्या तोंडावर स्टीलची पट्टी धरून काढलेला एक फोटो. स्प्लाइनचे दाते तुम्हीच मोजा, एका दात्यावर खडूची खूण करून, म्हणजे एक दोनदा मोजला जाणार नाही. मंगळवारी गाळा बंद असतो.