सावंतवाडीतला तासाभराचा पाट

आम्ही सहा जण एका दिवसाच्या खरेदीसाठी सावंतवाडीला गेलो होतो आणि त्या दिवसाचा निम्मा वेळ मी चितार आळीतल्या, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या बाजारातल्या, एका दुकानाच्या पायरीवर बसून काढला. त्या पायरीची आठवण झाली की मला अजूनही चीड येते.

सकाळ छान गेली. राजवाड्यात दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचा, संच पाहिला: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा साधी पाने, अशी १२० गोल पाने. बंद पडत चाललेली ही कला इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा कशी उभी केली, हे सासऱ्यांनी मुलांना इतक्या सविस्तरपणे सांगितले की मोती तलावाच्या काठाने आळीत पोहोचेपर्यंत बारा वाजून गेले.

मला भाचीच्या बारशासाठी तिचे नाव घातलेला नक्षीचा पाट हवा होता. “पाट तयारच आहे, ताई, फक्त नाव घालायचं. तासाभरात देतो,” असे दुकानदार म्हणाले आणि मी पूर्ण पैसे देऊन टाकले. (निम्मेच द्यावेत. बाकीचे हातात असते, तर मी तेथून उठून तरी गेले असते.) एक वाजता मी परत आले, तेव्हा दुकान मिटलेले होते, शेजारच्यांकडून कळले की मालक जेवायला गेले असून चारच्या आधी येणार नाहीत. दुपारची ही विश्रांती मला नवी नव्हती. ती आपल्या ‘तासाभरात’ मोजलेली नाही, हे मात्र सुचले नव्हते.

चार वाजता पाट समोर आला. नाव सुरेख काढले होते, पण बोट लावताच बोटाला रंग आला. “जरा वाळू दे,” असे म्हणून त्यांनी तो पंख्याखाली ठेवला. अर्ध्या तासाने व्हार्निशचा हात दिला, म्हणजे वाळण्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तोवर घरच्यांनी लाकडी फळांची परडी, भातुकली आणि दोन भोवरे घेऊन टाकले होते, आणि ते मला दर दहा मिनिटांनी गाडीची वेळ सांगत होते. सावंतवाडी रोड स्थानक गावात नाही, ते सात-आठ किलोमीटरांवर आहे. रिक्षाचा वेळ आधीच धरून ठेवावा.

खरे कारण मला समोरच्या लाकूड कातणाऱ्या कारागिराने सांगितले. चरकावर, म्हणजे कातण्याच्या यंत्रावर, फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते, त्यामुळे भोवरा चरकावरून उतरताच हातात घेता येतो. सपाट पाट चरकावर चढत नाही. त्याची नक्षी आणि नाव कुंचल्याने तैलरंगात काढावे लागते आणि वरचे व्हार्निश पुरते वाळायला एक रात्र तरी लागते. म्हणजे दुकानदारांचा तास हा नाव लिहिण्याचा तास होता. “उद्या न्या” एवढेच ते म्हणाले असते, तर मी बिनानावाचा, कोरडा पाट आनंदाने घेतला असता. नाव हवेच असेल, तर राजवाडा नंतर पाहावा आणि आधी आळीत जाऊन काम सांगावे. त्याहून बरे म्हणजे आठवडाभर आधी फोन करावा.

साडेपाचला मी धीर सोडला आणि “आहे तसा द्या” म्हणाले. त्यांनी पाट वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, आणि मीही घाईत तो तसाच घेतला. गाडी मिळाली.

घरी कागद सोडवला, तेव्हा भाचीच्या नावाखाली वर्तमानपत्राच्या दोन ओळी व्हार्निशमध्ये कायमच्या उमटल्या होत्या. बारशाला तो पाट तसाच मांडला. अक्षरे उलटी असल्यामुळे पाहुण्यांना ती नक्षीच वाटली. आरसा धरला, की ‘पावसाची शक्यता’ स्पष्ट वाचता येते.