शेऱ्याचा रकाना

एकविसाव्या दिवशी आशाताई घरी आल्या. त्यांनी झोळीच्या काट्यावर माझ्या लेकीला तोललं. 2 किलो 720 ग्रॅम. जन्मली तेव्हा ती 2 किलो 900 होती. पहिल्या काही दिवसांत लेकराचं वजन थोडं उतरतंच, पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या आकड्यावर परत यायला हवं आणि मग रोज 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं, हे त्यांनीच मला आधीच्या भेटीत सांगितलं होतं. त्यांनी काटा परत लावून पाहिला. आकडा तोच. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, काही बोलली नाही. माझ्या मनात मात्र एकच वाक्य फिरत राहिलं: हिला मी उपाशी ठेवलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सासर लातूरला, माहेर औसा तालुक्यातल्या एका खेड्यात. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले होते. बाळंत व्हायच्या आधीपासून माझं ठरलेलं होतं की सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही म्हणजे काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो, तेव्हा गावच्या अंगणवाडीत तक्ते मीच रंगवून द्यायचे. पहिल्या तासात पाजा, चिकाचं दूध टाकू नका, हे मी दुसऱ्यांना सांगणारी बाई.

प्रत्यक्षात झालं ते वेगळंच. कळा देऊन देऊन शेवटी सिझर झालं. ज्या खासगी दवाखान्यात मी होते तिथे लेक माझ्याजवळ यायला सात-आठ तास लागले आणि पहिल्या रात्री मला न विचारताच तिला बाटलीने डब्याचं दूध पाजलं गेलं. टाक्यांच्या दुखण्यात मला कूस वळता येत नव्हती. लेक जवळ आली की नुसती बोंडीच तोंडात धरायची, दोन-तीनदा ओढायची आणि सोडून रडायची. पाचव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना चिरा पडल्या होत्या आणि लेक 2 किलो 610 वर आली होती.

घरी कशाचीच कमी नव्हती. बाज, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, अळिवाची खीर, शतावरी, सगळं. भेटायला येणारी प्रत्येक बाई खुर्चीवर टेकायच्या आधी विचारायची, "दूध हाय का गं?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे बाळंतिणीची विचारपूस म्हणजे हाच प्रश्न. पण दिवसातून पाच-सहा वेळा तो ऐकला की मला वाटायचं, ही माझी परीक्षा आहे आणि मी रोज नापास होतेय.

मी शाळेची एक कोरी टाचणवही काढली. तिच्यात रेघा मारून चार रकाने केले: वेळ, बाजू, मिनिटं, शेरा. दिवसरात्र मिळून अठरा-वीस नोंदी व्हायच्या. सुरुवातीला शेऱ्यात "नीट प्यायली", "अर्धवट", "रडली" असं लिहायचे. वही लिहिली की काहीतरी माझ्या हातात आहे असं वाटायचं. दहा-बारा दिवसांत शेरे बदलले. "दूध नाही." "पुन्हा तेच." नंतर "माझी चूक". लेक झोपली तरी मला झोप येत नव्हती, कारण पुढची नोंद कधी येईल याची धास्ती. ती चुळबुळली की माझ्या हातापायांना गार घाम यायचा. तिच्या टाळूचा वास घ्यावा, तिला बघत बसावं, असं काही मनात येतच नव्हतं. ती म्हणजे माझ्या अंगावर येणारी वेळ झाली होती. भूक नव्हती. लाडू मी उशीखाली लपवून ठेवायचे, आईला वाईट वाटू नये म्हणून.

आईला वाटलं दृष्ट लागली. तिने मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमी पाच-पाच लेकरं वाढवली, असं रडत नव्हतो बसलो." मी रडत नव्हतेच खरं तर. रडू यायचं ते पहिल्या आठवड्यात. ते तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बहुतेक बायांना येतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं, हे मला नंतर कळलं. माझं रडू ओसरलं आणि त्याच्या जागी काहीच उरलं नाही. आम्हाला वाटलं, रडत नाही म्हणजे बरी आहे.

काट्यावरचा आकडा बघितला त्या आठवड्यातल्या रविवारी हे लातूरहून आले. मी न्हाणीत असताना त्यांनी वही उचलली, लेकीचं पिणं कसं चाललंय ते बघावं म्हणून. मी बाहेर आले तर ते बाजेच्या कडेला बसलेले, वही मांडीवर उघडी. रात्री 3 वाजून 10 मिनिटांच्या नोंदीवर त्यांचं बोट होतं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं, "मी नसलेली बरी." ते लिहिल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. अक्षर माझंच, वळणदार, फळ्यावर काढावं तसं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही, समजूतही घातली नाही. अंगणात जाऊन 14416 लावला. हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदत करणारा सरकारी नंबर, 2022 पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. त्यांच्याकडे तो शाळेच्या एका परिपत्रकातून आला होता (तेही शिक्षकच). पलीकडच्या ताईंनी आधी माझ्याशीच बोलायचं म्हटलं. मग ह्यांना सांगितलं की हिला रात्री एकटी ठेवू नका आणि उद्याच मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा.

मी म्हटलं, जाणार नाही. त्याचं खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते इथे मुद्दाम लिहितेय: मला डॉक्टरांची भीती नव्हती, गोळ्यांची होती. गोळ्या दिल्या की अंगावरचं तोडा म्हणतील, असं मी धरूनच चालले होते. जे थोडंफार दूध येतंय तेही बंद झालं तर मी तिची आई कशाने राहणार? याच एका समजुतीपायी मी आणखी किती दिवस काढले असते, सांगता येत नाही.

सोमवारी लातूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. सोबत हे, आई आणि आईची थोरली बहीण. मानसोपचाराच्या ओपीडीत डॉक्टरबाईंनी मला एक कागद दिला. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते सांगायचं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 1987 साली बाळंतिणींसाठी तयार केलेली ही प्रश्नावली, एडिनबरा नावाने ओळखतात, आता मराठीतही आहे. हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, झोप लागत नाही इतकं मन खचलंय का, अशा धर्तीचे प्रश्न. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे माझं पेन बराच वेळ थांबलं. मग मी "कधी कधी" वर खूण केली. तीसपैकी माझे एकवीस आले. दहा-बाराच्या वर गेलं की नीट तपासणी करतात.

डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला तो माझ्या लक्षात राहिला. "दूध उतरताना तेवढ्यापुरतं एकदम उदास वाटतं आणि दोन-चार मिनिटांत जातं, असं आहे का? की दिवसभर आहे?" दूध उतरताना काही बायांना तेवढ्यापुरती उदासी येते, ती वेगळी. माझी दिवसभराची होती. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचं रक्त काढायला लावलं, कारण त्यातल्या बिघाडानेही असाच थकवा आणि उदासी येते. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन 8.9. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

मग मी भीत भीत विचारलं, अंगावरचं तोडावं लागेल का?

त्या म्हणाल्या, "कुणी सांगितलं?" त्यांनी सर्ट्रालिन, नैराश्यावरची गोळी, लिहून दिली. ही गोळी अंगावर पाजणाऱ्या आयांना नेहमी देतात, दुधातून लेकराला जाणारा अंश फार थोडा असतो. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, मधेच मनाने बंद करायची नाही, हेही बजावलं. आणि दूध आणि मन यांचं नातं त्यांनी मला असं सांगितलं: वार पडली की बाळंतिणीच्या अंगातली दोन मोठी संप्रेरकं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, झपाट्याने खाली येतात. दूध तयार होतं ते प्रोलॅक्टिनने, पण ते तोंडाशी उतरतं ऑक्सिटोसिनने, आणि वेदना, भीती, जागरण यांनी ते उतरणं अडखळतं. उतरलं नाही तर छाती रिकामी होत नाही, रिकामी झाली नाही तर नवं कमी बनतं. म्हणजे दूध कमी म्हणून मन खचतं आणि मन खचलं म्हणून दूध अडतं, दोन्ही बाजूंनी. "तुमची चूक शोधू नका यात," त्या म्हणाल्या, "लेकराची पकड दुरुस्त करू आणि तुम्हाला झोपवू."

पकड दुरुस्त झाली ती नवजात शिशू विभागातल्या एका सिस्टरमुळे. त्यांनी लेकीला माझ्या पोटावरून उचलून बगलेत दिलं, पाय माझ्या पाठीकडे. टाक्यांवर भार नाही. "बोंडी तिच्या नाकासमोर आणा. थांबा. ती मोठ्ठं तोंड उघडू द्या. आता तिला जवळ घ्या, तुम्ही वाकू नका." काळ्या भागासकट तोंडात गेलं. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. दुखलं नाही. आणि मग मला एक आवाज ऐकू आला, बारीक, गळ्यातून घोट उतरल्याचा. महिनाभर पाजतेय आणि हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

झोपेचं काम अवघड गेलं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की वजन सावरेपर्यंत थोडं वरचं दूध द्या आणि रात्री दहा ते तीन मला सलग झोपू द्या. डब्याचं नाव काढताच आईचा चेहरा उतरला. "लोक काय म्हनतील, बाईला दूध न्हाई म्हनून डबा लावला." माझ्याही पोटात तेच होतं. पण मावशी म्हणाली, "लोकं रातच्याला उठून पाजायला येत्यात का?" त्या रात्रीपासून टँकरचं पाणी गाळून, उकळून, मापाने दूध कालवून आई वाटी-चमच्याने पाजायची. बाटली आणली नाही. दिवसा मी अंगावर पाजायचे आणि झोपण्याआधी हाताने पिळून काढायचे. आठवडाभर मला अपराध्यासारखं वाटलं. पण मी झोपत होते.

गोळी सुरू झाल्यापासून अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी सकाळी चुलीकडून ठेच्याचा वास आला आणि मी आईला म्हटलं, मला भाकरी दे. आई माझ्याकडे बघतच राहिली. बाळंतिणीला ठेचा चालत नाही म्हणून तिने दिला नाही, दूध-भाकरी दिली, पण मी दीड भाकर खाल्ली. त्या दिवशीच्या नोंदींना शेरा नाही. दोन महिन्यांची झाली तेव्हा लेक 3 किलो 900 भरली, आणि तोवर वरचं दूध रात्रीचं एकदाच राहिलं होतं.

बरी झाल्यावर मी याविषयी मिळेल ते वाचलं. भारतातले अनेक अभ्यास एकत्र करून 2017 मध्ये काढलेला अंदाज असा की बाळंतपणानंतर सुमारे 22 टक्के बायांना नैराश्य येतं. म्हणजे पाचातल्या एकीला. ब्रिटनमधल्या सुमारे 14,000 आयांच्या माहितीवरचा 2014 चा एक अभ्यास वाचून तर मी वही मिटून बसले. गरोदरपणात ज्यांना नैराश्य नव्हतं त्यांच्यात, पाजायचं ठरवलेल्या आणि पाजू शकलेल्या आयांना नैराश्याचा धोका सगळ्यांत कमी, आणि पाजायचं ठरवूनही पाजू न शकलेल्यांना सगळ्यांत जास्त. तक्ते रंगवताना मी आईच्या दुधाचे फायदे ओळीने लिहिले होते. पाजायला जमत नसेल तर कुठे जायचं, ही ओळ एकाही तक्त्यावर नव्हती. आता मी ती लिहिते, खाली 14416 सुद्धा.

180 दिवसांची रजा संपल्यावर शाळेत रुजू झाले. सकाळ-संध्याकाळ पाजत राहिले, पंधरा महिने. तोडताना डॉक्टरांना आधी विचारलं, कारण तेव्हाही संप्रेरकं बदलतात आणि काहींचं मन पुन्हा खाली जातं. दोन महिने लावून एकेक वेळ कमी केली. गोळी त्यांच्या सल्ल्याने त्यानंतरच हळूहळू बंद झाली.

मावशीचं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी ओपीडीबाहेरच्या बाकावर ती मला हळूच म्हणाली होती, "माय, मलाबी थोरल्याच्या येळंला असंच झालतं. लेकराकडं बगू वाटत नव्हतं. बाहेरचं लागलं म्हनले अन् देवरशाकडं नेलं. दूध आटलं. शेळीच्या दुधावर वाढला त्यो." चाळीस वर्षांत हे तिने आईलाही सांगितलेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. फराळ झाल्यावर म्हणाली, "त्यो प्रश्नांचा कागद हाय का तुज्याकडं? वाच बरं." तिला वाचता येत नाही. माझ्या मोबाईलमध्ये फोटो होता. मी एकेक प्रश्न वाचत गेले आणि ती प्रत्येकाला उत्तर देत गेली, तेव्हाचं, थोरल्या दादाच्या वेळचं, जणू कालच बाळंत झालीय. लेक तिच्या मांडीवर चकली खात बसली होती. दहावा प्रश्न मी सावकाश वाचला. मावशी लेकीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "फुडचं वाच."

पुढे प्रश्न नव्हता.