सेन्सर बसला, दिवा विझेना : माझा अनुभव

ब्रेक प्रेशर सेन्सर, म्हणजे ब्रेक ऑइलचा दाब मोजणारा भाग, घरी बदलता येतो का? पाना चालवायची सवय असेल आणि आधी कधी ब्रेकची एअर (नळ्यांत अडकलेली हवा) काढली असेल, तर येतो. डोकं खातं ते त्यानंतरचं काम, आणि त्याबद्दल कोणी धड सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचे दिवे एकदम पेटले, स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणाऱ्या यंत्राने, या सेन्सरच्या बिघाडाचा कोड दाखवला. कनेक्टर काढून पाहिला. पिनांना गंज नव्हता, पाच व्होल्टचा पुरवठा येत होता, अर्थिंगही ठीक. म्हणजे वायरिंगवर संशय नको. माझ्या गाडीत सेन्सर मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बाहेरूनच बसवलेला आहे. काही गाड्यांत तो एबीएस युनिटच्या पोटात असतो, तिथे हात घालू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, जुना काढल्याबरोबर नवा लावला, टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्याइतका कसला, एअर काढली, पेडल कडक लागलं.

दिवे मात्र तसेच.

कोड खोडला की परत हजर. ब्रेकवर पाय नसताना अशा सेन्सरचा सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट असतो, पण अगदी तेवढाच नाही. दर नगामागे जरासा फरक. नव्या नगाचा शून्य कुठे धरायचा हे एबीएसच्या कॉम्प्युटरला शिकवावं लागतं, यालाच कॅलिब्रेशन म्हणतात, आणि बऱ्याच गाड्यांत ते स्कॅनरशिवाय होत नाही. माझा स्कॅनर एबीएसचे कोड वाचायचा, खोडायचा. कॅलिब्रेशन त्याच्या गावीही नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. पार्ट आमच्याकडचा नाही, मग आम्ही हात लावणार नाही. बरं, फक्त कॅलिब्रेशनचे पैसे घ्या म्हटलं, तर गाडी ठेवून जा, बघू. दुसरीकडे तर गाडी न बघताच अख्खं एबीएस युनिट बदलायचा सल्ला मिळाला! एका बटणाचं काम, आणि त्यासाठी ही मिनतवारी. शेवटी मित्राकडून मोठा स्कॅनर मागून आणला. त्यावर पर्याय सापडला, तर प्रक्रिया अर्ध्यातच रद्द. कारण काय, तर बॅटरीचा व्होल्टेज कमी. इग्निशन चालू ठेवून मी मेनू शोधत बसलो होतो, त्यात ती उतरली. चार्जर लावला, इंजिन बंद, इग्निशन चालू, पेडलवर पाय नाही, आणि काही सेकंदांत काम फत्ते. इतका राग आला की आनंद व्हायला वेळच लागला.

तेव्हा सेन्सर मागवण्याआधी आपल्या गाडीचं कॅलिब्रेशन करणारा स्कॅनर हाताशी आहे का ते बघा. नुसता दिवा विझला म्हणून थांबू नका. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात (त्या क्षणाचे आकडे) पाय उचलल्यावर प्रेशर शून्याच्या आसपास येतंय आणि दाबलं की चढतंय, हे पाहा. मग मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून ब्रेक मारा, आणि थोड्या वेळाने सेन्सरच्या बुडाशी ओल आली नाही ना, तेही बोट फिरवून बघा.

हो, एक राहिलंच. ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच आणि सीलबंद डब्यातलं घ्या, उघड्या डब्यातलं हवेतला ओलावा शोषून घेतं. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. माझ्या फेंडरचा रंग त्यामुळेच वाचला.