पंधरा मिनिटं बॉनेटपाशी

"ही पण आणली का बे?"

आज सकाळी नागपुरात फुटाळा तलावावर गाडीवेड्यांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं. वडिलांची जुनी मारुती ८०० घेऊन पहिल्यांदाच आलेला पोरगा कसनुसा हसला. हातातली चावी त्यानं हळूच खिशात घातली.

ती चावी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

१९८३ साली आलेलं मॉडेल. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. आपल्यातले कितीतरी जण क्लच सोडायला तिच्यावरच शिकले!

मग एक काका पुढे झाले. "बॉनेट उघड ना बाबू. कार्बोरेटरवाली आहे ना?" पोरगा खुलला. चोक, प्लग, हिवाळ्यातलं स्टार्टिंग... पंधरा मिनिटं बोलत होता. तर्री-पोहे गार झाले.

पहिल्या वाक्याला मी गप्प राहिलो, ते मात्र सलतंय.

पुढच्या रविवारी येईल ना तो?