प्रोपेलर फिरताना दिसला पाहिजे

वर्षानुवर्षं खपून कुणीतरी जुनं विमान पुन्हा उडतं केलेलं असतं. फोटोत त्याचा प्रोपेलर गोठलेला दिसला, की ते दोऱ्याला टांगलेलं खेळणं वाटतं. कॅमेऱ्याचं शटर १/१००० सेकंदाला ठेवलं, की नेमकं हेच होतं. शटर १/१२५ च्या आसपास आणा.

टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाचा प्रोपेलर इंजिनाला थेट जोडलेला असतो. मिनिटाला २००० फेरे धरले, तर १/१२५ सेकंदात पातं साधारण ९६ अंश फिरतं आणि सुंदर धूसर चकती मिळते. स्पिटफायर मार्क ५ या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनाला ०.४७७ चा गिअर असतो. इंजिन २००० ला असताना प्रोपेलर जेमतेम ९५० ला फिरतो, म्हणून तिथे १/८० पर्यंत उतरावं लागतं. हात हलून बरेच फोटो वाया जातात, ते धरूनच चाला. पाय रोवून कमरेतून वळा, विमान समोर येण्याआधी वळायला लागा आणि बटण सोडल्यावरही वळत राहा.

इलेक्ट्रॉनिक शटर बंदच ठेवा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे पाती केळ्यासारखी वाकलेली दिसतात. उन्हात एवढ्या संथ शटरला लेन्सचं छिद्र एफ/१६ पेक्षाही लहान करावं लागतं आणि सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण आकाशात उमटतो. त्यापेक्षा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लावा. चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर मात्र नको, कॉकपिटच्या पारदर्शक छतावर इंद्रधनुषी डाग येतात.

रेडियल इंजिन, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेलं इंजिन, सुरू होतानाचा क्षण चुकवू नका. खालच्या सिलिंडरांत साचलेलं तेल जळतं आणि निळसर धुराचा लोट उठतो.