बोहाडा : मोखाड्याच्या डोंगरात गावाने मांडलेला सोंगांचा खेळ

त्र्यंबकेश्वर मागे पडले आणि गाडी तोरंगणचा घाट उतरू लागली, की सह्याद्रीचे रूप पालटते. फाल्गुन सरत आलेला असतो, पळसाचा बहर ओसरलेला असतो, मोहाच्या झाडांखाली फुले वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या दिसतात आणि उतारावरच्या नाचणी-वरईच्या वरकस जमिनीत राब भाजल्याचे काळे पट्टे उमटलेले असतात. मी या वाटेने मोखाडा तालुक्यातल्या एका गावी निघाले होते ते बोहाडा पाहण्यासाठी. मुखवट्यांचा एक नाच, एवढीच त्याची ओळख सहसा करून दिली जाते. पण मला त्यात रस होता तो वेगळ्या कारणाने. संपूर्ण गाव मिळून जी कला घडवते आणि प्रेक्षक-कलावंत ही वाटणीच जिथे फारशी उरत नाही, ती प्रत्यक्ष उभी कशी राहते, हे मला जवळून पाहायचे होते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत आणि नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात होळीनंतर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगावी बोहाडा होतो. सीमेपलीकडे गुजरातच्या डांगमध्ये त्यालाच भवाडा म्हणतात. कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळी अशा अनेक जमातींची माणसे त्यात एकत्र येतात. या भागात मुखवट्यालाही सोंग म्हणतात आणि तो घालून नाचण्यालाही सोंगच म्हणतात. प्रत्येक सोंगाचा मान गावातल्या एकेका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. गणपती एका घरचा, नरसिंह दुसऱ्या घरचा, रावण तिसऱ्या घरचा. मान ज्या घरचा, त्या घरच्या माणसानेच ते सोंग नाचवायचे, त्याची राखण करायची, रंग उडाला तर तो पुन्हा द्यायचा. त्यामुळे या खेळात भूमिका वाटून देणारा कोणी दिग्दर्शक नसतो. गावाची घरे आणि खेळातली पात्रे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात, की एक घर आले नाही तर कथेतले एक पात्रच गळून पडते.

दुपारी मी एका कारागिराच्या ओटीवर बसले होते. पूर्वी सोंगे लाकडात कोरली जात. काही घरांत ती जुनी, धुराने काळवंडलेली लाकडी सोंगे अजून आहेत. आता बहुतेक कागदाच्या लगद्याची असतात. आधी मातीचा साचा करायचा, त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर चढवायचे, ते उन्हात खडखडीत वाळू द्यायचे, मग साचा सोडवून रंग भरायचे. या कारागिरापुढे कोणतेही चित्र नव्हते. राक्षसाच्या भुवया किती जाड काढायच्या आणि देवीच्या चेहऱ्याला कोणता रंग द्यायचा, हे त्यांनी वडिलांच्या हाताकडे बघत उचललेले होते. तरीही दोन गावांतले रावण सारखे नसतात. ओटीवर जमलेली म्हातारी माणसे मधूनच सुचवत होती, की यंदा मिशी वर वळवा, सुळे थोडे लांब ठेवा, आणि कारागीर ते ऐकून घेत होते. सोंगावर नाव कोणाचेच नसते. माझ्या मते तेच त्याच्या घडणीशी प्रामाणिक आहे.

रात्री जेवणे उरकली आणि गावच्या मधल्या मोकळ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसे घोंगड्या-चादरी अंथरून बसली. रंगमंच म्हणून काहीही उभारलेले नव्हते. वाटेचे एक टोक देवीच्या मांडवाशी आणि दुसरे सोंगे सजवायच्या घराशी. त्यामधली चढउताराची, दगडगोट्यांची जमीन हीच नाचायची जागा. संबळ आणि पिपाणी सुरू झाली, टेंभे पेटले आणि पहिला मान गणपतीचा झाला. मागोमाग शारदा आली. मग राम-लक्ष्मण, मारुती, रावण, त्राटिका, नरसिंह, खंडेराव, वेताळ अशी सोंगे एकामागून एक येत राहिली. संवाद जवळजवळ नव्हतेच. पात्र कोणते, हे चालीवरून कळते, कारण प्रत्येक सोंगाची पावले निराळी आणि त्यासाठी वाद्यांचा ठेकाही निराळा. माझ्या शेजारच्या आजी सोंग टेंभ्याच्या उजेडात येण्याआधीच नुसत्या संबळावरून त्याचे नाव सांगत होत्या, आणि त्यांचे एकदाही चुकले नाही.

सोंगाच्या डोळ्यांच्या फटी लहान असतात, त्यातून नाचणाऱ्याला फार थोडे दिसते. म्हणून कमरेला बांधलेले कापड धरून एक माणूस मागून त्याच्याबरोबर चालतो, दुसरा समोर टेंभा धरतो. तरीही त्या ओबडधोबड उतारावर पाय अडखळत नाहीत, कारण ही जमीन नाचणाऱ्याच्या रोजच्या चालण्यातली असते. शहरातल्या सपाट रंगमंचावर हेच सोंग आणले तर ते नाचेल, पण उतारावर तोल सावरताना गुडघ्यात येणारा तो झोक त्याच्यात राहणार नाही. रामायण-महाभारतातली पात्रे असोत की वेताळ, इथल्या डोंगरात नाचताना ती इथलीच झालेली असतात. वाघाचे सोंग आले तेव्हा मुले किंचाळत मागे पळाली, पण मोठ्यांनी हात जोडले. या भागात वाघाला देव मानतात, रानात त्याची लाकडी किंवा दगडी ठाणी आहेत, आणि या नाचाचा धाक व भक्ती दोन्ही तिथूनच आलेल्या आहेत.

मध्यरात्रीनंतर माझे लक्ष सोंगांपेक्षा बसलेल्या माणसांकडे अधिक गेले. इथे पाऊस धो धो पडतो. वैतरणेवरच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते. त्यांपैकी मध्य वैतरणा तर याच भागातले, २०१४ मध्ये पूर्ण झालेले. तरीही उन्हाळ्यात पाड्यांवरच्या विहिरी आटतात. भाताची कापणी झाली, की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर भिवंडी, ठाणे, नाशिककडे निघतात आणि होळीला घरी येतात. त्या रात्री नरसिंह नाचवणारा तरुण आदल्याच दिवशी भट्टीवरून परतला होता. मालकाकडून सुट्टी मिळवताना त्याने काय सांगितले, असे मी विचारले, तर तो म्हणाला, “माझ्या घरचं सोंग आहे, मी नाही गेलो तर ते उभं कोण करणार?” स्थलांतराने गाव वर्षातले कितीतरी महिने विखुरलेले असते, त्या गावाला पुन्हा एकत्र आणण्याची ताकद बोहाड्यात आहे, आणि ती केवळ श्रद्धेतून आलेली नाही. प्रत्येक घराला खेळात एक न टाळता येणारी जागा दिली आहे, त्या रचनेचाही त्यात मोठा वाटा आहे.

पहाटेच्या सुमारास देवी आणि महिषासुर समोरासमोर आले. तोवर बहुतेक मुले झोपली होती. आयांनी त्यांना हलवून उठवले. दोन्ही सोंगे एकमेकांवर चालून जात, मागे हटत, पुन्हा भिडत, आणि बसलेली माणसे उभी राहून त्यांच्याबरोबर सरकत होती. महिषासुर पडला, देवीची आरती झाली आणि लोक रांगेने पाया पडायला गेले. काही तासांपूर्वी ज्याच्याशी मी चहा पिताना बोलले होते, त्याच माणसाच्या पाया त्याची स्वतःची आईसुद्धा पडली, कारण सोंग चेहऱ्यावर असेपर्यंत तो देवी होता.

वारली चित्रांना जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे जगभर ओळख मिळाली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बोहाड्याची सोंगेही आता शहरातल्या दिवाणखान्यांत भिंतीवर टांगलेली दिसतात. कारागिरांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर ते मिळावेत, असेच मला मनापासून वाटते. मात्र विकायला केलेले सोंग आणि मानाचे सोंग यांतला फरक कारागीर कसोशीने पाळतात. मी विचारले तेव्हा मानाचे सोंग मला हातातही दिले गेले नाही, आणि ते योग्यच होते.

कोणाला जायचे असेल तर होळीनंतरच्या आठवड्यांत मोखाडा किंवा जव्हारला पोहोचून चौकशी करावी. तारखा गावकरी बैठकीत ठरवतात, आणि दोन शेजारच्या गावांचे बोहाडे सहसा वेगवेगळ्या दिवशी असतात. जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे रात्री अंगावर पांघरूण लागते. फोटो काढण्याआधी मांडवातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, नाचणाऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश पाडू नये, आणि पहाटेच्या लढाईपर्यंत थांबण्याची तयारी ठेवूनच बसावे.